कोरड्या मुलखातून समुद्राचा रॉड

बीडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे 300 किलोमीटर लांब आहे. आमच्या नद्यासुद्धा कोकणाकडे पाठ करून वाहतात. सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते, मांजरा लातूर-बिदरचा फेरा घेऊन शेवटी गोदावरीतच जाते, आष्टीकडचं पाणी सीनेतून भीमेला. सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. अशा मुलखात बसून अरबी समुद्रावर गळ टाकणाऱ्यांसाठी रॉड कसा बांधावा याचं पुस्तक का लिहावं, असं वाचकाला वाटलं तर उत्तर पहिल्याच पानावर द्यायला हवं. रॉड वापरतात समुद्रावर, पण तो घडतो घरातल्या टेबलावर. बांधणाऱ्याला वजन किती पेलायचं, हात कुणाचा आणि जागा कोणती, एवढं नेमकं कळावं लागतं. वजनाची परीक्षा अंगणात होते. हाताचं माप समोर बसवून घेता येतं. जागेसाठी मात्र किनाऱ्यावर जाऊन बघावं लागतं, तिथल्या गरवणाऱ्यांना विचारावं लागतं, आणि हे बघणं-विचारणं किनाऱ्यावर जन्मलेल्यालाही चुकत नाही.

दुकानातला रॉड वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. तो कुणा एकासाठी केलेला नसतो. मुठीची लांबी सरासरी माणसाची, दोर ओवायच्या कड्यांच्या जागा सरासरी रीलच्या, ताकद सरासरी माशाची. आपल्याकडे मिळणारा पुष्कळ माल तर मुळात तळ्याकाठच्या, गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी आखलेला असतो. तो घेऊन माणूस रत्नागिरी-मालवणच्या खडकावर उभा राहतो. पायाखाली शेवाळ, समोर लाट. गळाला हेकरू लागतो आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांतच कपारीकडे धाव घेतो. एकदा आत शिरला की कल्ले फुगवून अडकून बसतो. मग दोर तुटतो, मासा येत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत त्याचं तोंड फिरवायचं तर रॉडच्या बुडाकडच्या भागात दम हवा. आता याच ताठ रॉडने खाडीत जिताडा धरायला जावं, तर वेगळीच तऱ्हा. जिताडा लागला की पाण्याबाहेर उसळतो, तोंड वासून डोकं झटकतो. तेव्हा रॉड लवला नाही, तर दोरात क्षणभर ढील पडते आणि गरी तोंडातून निसटते. दोन्ही मासे खाऱ्या पाण्यातले, दोन्ही ताकदवान, पण एकाला हवा तो रॉड दुसऱ्याला चालत नाही. स्वतःच्या गरजेचा रॉड स्वतः बांधावा, किंवा बांधणाऱ्याकडून मापाने बांधून घ्यावा, याचं कारण इथे आहे.

खडकावरच्या रॉडला साधारण 9-10 फूट लांबी लागते. लाटेच्या फुटण्यापलीकडे आमिष टाकायचं असतं आणि दोर खडकाच्या धारेपासून वर उचलून धरायचा असतो. कुंडलिकेच्या, वाशिष्ठीच्या किंवा कर्लीच्या खाडीत तिवरांच्या मुळांमधून फेकायचं तर 7 फुटांच्या आसपास बरं. फार लांब रॉड फांद्यांत अडकतो. होडीतून खोलवर, सरळ खाली गळ सोडायचा असेल तर 6 फुटांचा आखूड रॉड कमरेला कमी ताण देतो. आणि मुडदुशीसारखा छोटा मासा रेतीच्या पुळणीवरून धरायचा असेल, तर या सगळ्यांपेक्षा नाजूक शेंडा हवा, नाहीतर त्याची चावणी हाताला कळणारच नाही.

गळाने मासे धरण्याचा हा छंद परदेशातून आला अशी समजूत आहे, ती खोडून काढली पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. मराठवाडा त्या राज्यातच मोडत होता. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही जुनी नोंद या ग्रंथात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याचं नाव आदराने घेतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे, हे मात्र फार कमी लोकांच्या कानावर असतं. कोणते मासे समुद्रातले आणि कोणते नदीतले, कोणाला खवले असतात आणि कोणाला नसतात, कोणाला कसला चारा घालावा, गळाने कसं धरावं, हे सारं राजाने करमणुकीचा एक प्रकार म्हणून नीट मांडलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. आपल्या मुलखाच्या राजाने साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी हा विषय ग्रंथात घेण्याजोगा मानला होता. इंग्रजीत हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचं हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये निघालं. मराठीत रॉड बांधणीची हातपुस्तिका असावी, ही आस मला कित्येक वर्षं होती.

दुसरी गोष्ट बांबूची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. तो व्हायोलिनही करायचा. 1840 च्या दशकात त्याने बांबूच्या उभ्या कांबी तासून, एकमेकींना चिकटवून गळाचा रॉड केला. पुढे हायरम लेनर्डने सहा कांबींचे रॉड धंदा म्हणून काढले आणि जगभर तीच पद्धत रूढ झाली. यासाठी लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजात चढत असे. मेळघाटात आणि गडचिरोलीत जो भरीव मानवेल उभा असतो, त्याच जातीचा तो होता असं जाणकार मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, आणि 1970 च्या दशकात कार्बन फायबर. आज समुद्रावर चालणारे बहुतेक चांगले रॉड कार्बनचे किंवा कार्बन आणि काच यांच्या मिश्रणाचे असतात.

साहित्य बदललं, पण समज तीच राहिली. सूप आणि टोपल्या विणणाऱ्या आमच्या बुरूड कारागिराला सालीकडची कांब आणि पोटाकडची कांब यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. बांबूचा जोर सालीत असतो. फिलिपनेही साल बाहेर ठेवली आणि पोट तासून काढलं. कार्बनच्या पोकळ नळीचा जोरही बाहेरच्या कडेलाच असतो, म्हणून तिच्यावरचा एखादा खोल ओरखडा दिसतो त्यापेक्षा जास्त घातक ठरतो. जुन्या गॅझेटिअरमध्ये बीड गाव कातड्याच्या छागलींसाठी आणि गुप्तीसाठी नावाजलेलं आहे. गुप्ती म्हणजे काठीच्या पोटात लपवलेलं पातं. तिचा जोड बाहेरून दिसू नये, चालताना खुळखुळू नये आणि हिसका दिला की अलगद सुटावा. दोन तुकड्यांच्या रॉडच्या सांध्याकडून आम्ही हेच मागतो. असं काम करणारे हात ज्या गावात होऊन गेले, तिथे समुद्राचा रॉड बांधण्यात मला तरी काही विपरीत वाटत नाही.

आणि गळ तर इथेही आहेच. माजलगावच्या धरणावर, राक्षसभुवनच्या गोदाकाठी, बांबूची साधी काठी, नायलॉनचा दोर, मोरपिसाच्या देठाचा किंवा कडब्याच्या भेंडाचा तरंगा आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी घेऊन पोरं बसलेली असतात. काठीचा शेंडा किती लवचिक हवा आणि बूड किती जाड हवं, हे त्यांनी हाताने ठरवलेलं असतं. भोई समाजातली जाणती माणसं तर तरंग्याच्या हलण्यावरून खाली मरळ आहे की चिलापी, हे सांगतात. हे ज्ञान पुस्तकातल्या तक्त्यांच्या आधीचं आहे आणि मी ते तक्त्यांइतकंच मानतो.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे. रॉडचा मुख्य दांडा म्हणजे ब्लँक. राळेत भिजलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून फीत आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ, निमुळती नळी. कापडाच्या कडा जिथे एकावर एक येतात, तिथे ती थोडी जास्त ताठ होते; त्या बाजूला कणा म्हणतात. ब्लँकचं बूड जमिनीवर टेकवून, शेंडा तळहाताने दाबून वाकवला आणि बोटांनी फिरवला की तो एका जागी आपोआप उडी मारून स्थिरावतो. कणा असा सापडतो. कड्या त्याच रेषेत बसवाव्यात की ब्लँक नजरेला जिथे सरळ दिसतो तिथे, यावर बांधणाऱ्यांत दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटाचा आहे, आणि कारणं तिसऱ्या प्रकरणात दिली आहेत.

कडी बांधण्याचं काम मात्र इथेच सविस्तर सांगतो, कारण रॉड बांधणीची सगळी शिस्त त्यात आहे. कडीचा पाय आधी बारीक कानशीने घासायचा. टोक इतकं पातळ व्हावं की धागा ब्लँकवरून पायावर चढताना मध्ये फट राहू नये. मग कडी चिकटपट्टीने तात्पुरती बसवायची आणि धागा पायाच्या टोकापासून पाच-सहा मिलिमीटर अलीकडे सुरू करायचा. पहिले काही वेढे धाग्याच्या स्वतःच्याच टोकावरून न्यायचे. टोक आपोआप दबतं, गाठ लागत नाही. धागा जागेवर राहतो, फिरतो तो ब्लँक. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून बसला पाहिजे. फट दिसली तर नखाने किंवा गुळगुळीत हाडाच्या पट्टीने सारून घ्यायची. शेवटचे सहा-सात वेढे राहिले की दुमडलेल्या धाग्याचा फास आडवा ठेवायचा, त्याच्यावरून उरलेले वेढे घालायचे, धागा कापून त्याचं टोक फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखालून जातं, उरलेलं धारदार पात्याने छाटायचं. अख्ख्या बांधणीत एकही गाठ नसते. ताण किती असावा? अंगठ्याने जोर लावला तर कडी रेषेत आणण्यापुरती सरकावी, एरवी हलू नये. काही जण मजबुतीसाठी धागा करकचून आवळतात. तसं केल्याने पायाची कड ब्लँकमध्ये रुतते, आणि भारी मासा लागल्यावर रॉड नेमका त्या कडीपाशी मोडतो. अवजड रॉडसाठी पायाखाली आधी धाग्याचा एक थर द्यावा, मग वरचा. त्यामुळे पाय ब्लँकला थेट लागत नाही.

धाग्यावर एपॉक्सीचा लेप येतो आणि इथे बीडची हवा आमच्या बाजूने उभी राहते. दोन भागांची ही राळ सम प्रमाणात मिसळायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, कुंचल्याने लावायची आणि रॉड हळू फिरणाऱ्या मोटरवर ठेवायचा, म्हणजे लेप एका बाजूला ओघळत नाही. दमट हवेत या लेपावर पांढुरकी, चिकट साय धरते आणि तो धुरकट दिसतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने बंद खोलीशिवाय हे काम नीट होत नाही. आमच्याकडे दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत हवा कोरडी आणि ऊन बेताचं. लेप आरशासारखा बसतो. एप्रिल-मे मात्र कठीण. पारा 40 च्या वर गेला की भांड्यातली राळ पाहता पाहता तापते आणि घट्ट होते. तेव्हा ती भांड्यात न ठेवता ॲल्युमिनियमच्या कागदावर पातळ पसरायची, आणि काम पहाटे उरकायचं. धूळ हा दुसरा शत्रू. लेप ओला असताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि रॉडवर पुठ्ठ्याचं झाकण.

समुद्राचा रॉड गोड्या पाण्याच्या रॉडपासून वेगळा होतो तो मिठामुळे. साध्या पोलादाच्या कडीवर कितीही चकचकीत मुलामा असला, तरी कानशीने पाय घासला की मुलामा गेला आणि धाग्याखाली गंज सुरू झाला. वरून काही दिसत नाही. म्हणून कड्या 316 प्रतीच्या स्टेनलेसच्या किंवा टायटॅनियमच्या घ्याव्यात. कडीतलं वलय सिलिकॉन कार्बाइडचं असेल तर विणलेल्या दोराने त्याला खाचा पडत नाहीत. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की कार्बन विजेचा वाहक आहे. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी होऊन सुटतं. रील बसवायची बैठक ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या आणि ब्लँकच्या मध्ये एपॉक्सीचा अखंड थर हवाच. पोकळी राहिली तर तिथे खारं पाणी साचतं. समुद्र दूर असला तरी याची चाचणी घरी होते. 1 लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ घातलं की खारेपणा समुद्राच्या जवळ जातो. त्यात कडी आणि बैठक रात्रभर बुडवायची, दिवसा उन्हात वाळवायची, आणि असे काही आठवडे चालवायचं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं यातच धातूची खरी लायकी कळते.

कड्यांच्या जागा तक्त्यातून काढता येतात, पण त्यांच्यावर शिक्कामोर्तब वजनच करतं. कड्या चिकटपट्टीने लावायच्या, रॉडची मूठ दाराच्या चौकटीला पक्की बांधायची, दोर सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला पाण्याची बाटली टांगायची. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, त्यामुळे तराजू लागत नाही. ब्लँकला झेपेल इतपतच पाणी वाढवत जायचं आणि मागे पांढरी भिंत ठेवून बघायचं. दोराने ब्लँकच्या वळणाची सोबत करावी. दोन कड्यांमध्ये तो ताणलेल्या कमानीच्या दोरीसारखा सरळ जात असेल, तर तिथे कडी कमी आहे किंवा सरकलेली आहे. एकाच कडीवर दोर एकदम मोडल्यासारखा वळत असेल, तर सगळा भार त्या एका जागी येतोय. कडी बोटभर पुढे-मागे करून पुन्हा बघायचं. हे काम किचकट आहे आणि मला ते सगळ्यांत प्रिय आहे. ब्लँक कुठे वाकतो, कुठे अडतो, कुठून जोर सुरू होतो, हे त्याच वेळी डोळ्यांना दिसतं.

माणसाचं माप घेणं सोपं असूनही बहुतेक जण टाळतात. रीलच्या बैठकीपासून बुडापर्यंतची लांबी त्या माणसाच्या कोपराशी ताडून बघावी. खडकावरून दोन्ही हातांनी फेकणाऱ्याला बूड लांब हवं, काखेत धरता यावं इतकं. खाडीत दिवसभर एका हाताने फेकणाऱ्याला तेच लांब बूड पोटाला आणि जॅकेटला टोचत राहतं. तळहात रुंद असेल तर मूठ जाड घ्यावी. बारीक मुठीवर बोटं आवळून आवळून मनगट दुखतं.

दोन सूचना मला इथेच द्यायच्या आहेत, कारण त्या जिवाशी आणि समुद्राच्या भल्याशी निगडित आहेत. कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवायचा आणि तिथून निघायचं. विजेच्या तारांखालून उभा रॉड घेऊन जायचं नाही. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं जातात, कोकणातही जातात. धरणाचा काठ असो की उघडा खडक, उंच धरलेला कार्बनचा दांडा तिथे सगळ्यांत उंच असतो. दुसरी सूचना अशी की 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण पुष्कळ जातींच्या विणीचे ते दिवस आहेत. हौशी माणसानेही तेव्हा समुद्राला उसंत द्यावी. पावसाळी लाटेसमोर खडकावर उभं राहणं तसंही जिवावरचं काम. मालवणच्या सागरी अभयारण्याचे नियम वेगळे आहेत. तिथे जायच्या आधी ते विचारून घ्यावेत. आणि अंड्यावर आलेला मोठा जिताडा हातात आला, तर त्याचा फोटो काढून त्याला परत सोडावा, असं मी आग्रहाने म्हणेन. मोठी मादी एका विणीत जेवढी अंडी घालते, तेवढी अनेक छोट्या माद्या मिळून घालत नाहीत.

हे पुस्तक शेतात किंवा नोकरीत राबून उरलेल्या वेळात हाताने काही करू पाहणाऱ्यांसाठी आहे. महागडं लेथ मशीन त्यात कुठेच गृहीत धरलेलं नाही. ब्लँक ठेवायचे दोन आधार लाकडाच्या फळीत व्ही आकाराची खाच कापून होतात. धाग्याला ताण द्यायला जाड पुस्तकाची दोन पानं पुरतात, धागा त्यांच्यामधून ओढायचा. लेपासाठीची मोटर छोट्या कूलरच्या दुकानातही मिळून जाते, फक्त तिची गती मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांच्या आसपास असावी. ब्लँक आणि कड्या मात्र चांगल्या घ्याव्यात, तिथे काटकसर करू नये.

पहिला रॉड 7 फुटी, दोन तुकड्यांच्या ब्लँकवर बांधावा, 10 ते 30 ग्रॅम वजन फेकणारा. तो एसटीत वरच्या फळीवर मावतो, माजलगावच्या मरळीला चालतो आणि खाडीतल्या मध्यम जिताड्यालाही. ब्लँक घरी आला की धाग्याची रिळं लगेच उघडू नका. आधी कणा शोधा, त्यावर खडूने खूण करा, कड्या चिकटपट्टीने लावा आणि बाटली टांगून दोन संध्याकाळी तो वाकलेला नुसता बघा. मग दुसरं प्रकरण उघडा.